उम्म निस्माचा फोटो

९ जानेवारी, सोमवार

कैरोच्या या जाहिरात कंपनीत येऊन आज आठवडा झाला आणि मी अजून एक रेघसुद्धा मारलेली नाही. घरी तांतामध्ये असताना शाळेच्या पुस्तकांसाठी दिवसाला चार-पाच चित्रं सहज व्हायची. गाढव, खजूर, सूर्य, परत गाढव. इथे पेन्सिली टोक काढून मेजावर पडून आहेत.

वगदी उस्ताद हे इथले सगळ्यात जुने आर्ट डायरेक्टर आणि मी त्यांची मदतनीस. ते स्वतः काहीच काढत नाहीत. हात पाठीमागे बांधून भिंतीसमोर उभे राहतात. भिंतीवर टाचणीने लावलेले पन्नासेक फोटो असतात. तासाभराने एक काढून खिशात टाकतात आणि चहा मागवतात. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

आज त्यांनी मला एका बिस्किटाच्या जाहिरातीसमोर उभं केलं आणि यातून काय काढशील म्हणून विचारलं. मी म्हटलं, फुलदाणी. ते म्हणाले, अजून? मी म्हटलं, टेबलावरचं कापड. अजून? मला काही सुचेना. ते म्हणाले, "ती बाई हसतेय ना, ते हसू काढ. बिस्किट खाताना कोण हसतं?"

चित्र काढायला मला शिकवलं होतं. काढून टाकायला कुणी शिकवलं नाही. जिच्याकडे राहते त्या मावशीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तुला पगार कसला देतात?

१७ जानेवारी, मंगळवार

रमजानचं काम आलं. एक भाजलेल्यांचं हॉस्पिटल आहे, देणग्यांवर चालतं. रमजानात अख्खं कैरो अशा फलकांनी भरून जातं, रडणारी मुलं, नळ्या लावलेली मुलं. मालक मेदहतसाहेबांना या वर्षी काहीतरी वेगळं हवंय. लोक बघून मान फिरवतात, असं त्यांचं म्हणणं.

वगदी उस्ताद म्हणाले, मोठी बाई घेऊ. खरी पेशंट. रडणार नाही, हात पसरणार नाही, सरळ बघेल. पुलावरून गाडी जाताना माणसाला फलक बघायला तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात त्याला वाटलं पाहिजे की ही आपल्याकडे बघतेय.

मला ती बाई तिथेच दिसायला लागली. हॉस्पिटलच्या प्रसिद्धी विभागातल्या मॅडम जिलान नावं सुचवणार आहेत. पेशंटला भेटणं, तिचं घर बघणं, कपडे ठरवणं, सगळं माझ्याकडे दिलंय. म्हणजे पहिलं खरं काम.

२६ जानेवारी, गुरुवार

सापडली.

नाव सबरीन, पण गल्लीत तिला मुलीच्या नावावरून उम्म निस्मा, म्हणजे निस्माची आई, म्हणतात. इंबाबाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं तेव्हा नकाब होता, फक्त डोळे दिसत होते. मी आत गेल्यावर तिने दाराची कडी लावली, खिडकीची फळी ओढून घेतली आणि मगच नकाब वर केला.

उजवा गाल, मान आणि उजवा हात. हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली. चार वर्षांपूर्वी तामियाच्या गाडीवर वडे तळताना गॅसचा सिलिंडर फुटला. हॉस्पिटलने तीन ऑपरेशनं फुकट केली. चौथं, बोटं सोडवण्याचं, मार्चमध्ये आहे. हे सगळं तिने बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. पण डोळे असे की मला तिथेच फलक दिसला.

फोटोचं विचारलं तेव्हा तिने डाव्या हाताने चिकटलेली बोटं झाकली. मग म्हणाली, "हॉस्पिटलला हवंय का?"

मी म्हटलं, हो, फार हवंय.

"मग ठीक आहे, इंजिनियरबाई."

मी इंजिनियर नाही हे दोनदा सांगून झालं. आमच्याकडे शिकलेला दिसला की इंजिनियर, त्याला इलाज नाही. फलक कुठे लागणार, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, मेहवरच्या पुलावर, इंबाबाला उतरतो ना तिथेच, सगळ्यांना दिसेल असा. ती म्हणाली, "सगळ्यांना." आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. फार भारावली होती.

मुलगी निस्मा वीसेक वर्षांची आहे. तिने चहाचा ट्रे इतक्या जोरात ठेवला की चहा सांडला. लाजाळू दिसते.

ऑफिसात येऊन वगदी उस्तादांना सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि नाही म्हणाली तर काय होईल, हे तिला माहीत आहे?" काय विचित्र प्रश्न. मी म्हटलं, ती नाही म्हणालीच नाही ना, हो म्हणाली. ते चहा ढवळत राहिले. पुढे काही विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा इंबाबाला गेले, फोटोग्राफर बिशॉयला घेऊन. कुठून उजेड येतो, किती वाजता येतो, हे बघायला. तिच्या बाहेरच्या खोलीची भिंत निळी आहे, जुनी, पोपडे आलेली. असा निळा रंग आपण डब्यातून काढून लावू शकत नाही. दुपारी एक उजेडाची पट्टी येते ती बरोबर तिच्या बसायच्या जागी. बिशॉय म्हणाला, तुझं नशीब जोरावर आहे.

एकच अडचण होती. भाजलेल्या कातडीवर गाठी येऊ नयेत म्हणून ते लोक घट्ट इलॅस्टिकची बाही आणि गळपट्टी घालतात, दिवसरात्र. तिची एक धुतलेली जोडी न्हाणीच्या दारात दोरीवर वाळत होती, तीही टॉवेलखाली लपवलेली. रंग मेलेल्या कातडीसारखा, बदामी. निळ्याशेजारी इतका घाण दिसतो की बघवत नाही. मी ती उचलून आत ठेवायला सांगितली. वगदी उस्ताद सारखं म्हणतात ना, काढून टाकायला शीक. शिकतेय.

उम्म निस्मा आज फार बोलली. फोटो ओळखू येण्यासारखा असतो का, म्हणजे कुणाला वाटलं की ही तिची बहीण असेल, असं होऊ शकतं का? मी तिला धीर दिला की काळजी करू नका, एकेक रेघ दिसेल. मग निस्माबद्दल सांगत बसली. वर्राकच्या एका मुलाशी तिचं ठरलंय, वीजमंडळात आहे. ईद झाली की त्या आठवड्यात साखरपुडा. मुलाची आई अधूनमधून येऊन बसते. उम्म निस्मा तिच्यासमोरसुद्धा नकाब काढत नाही. त्या लोकांना ते फार आवडतं म्हणे, घर धर्माचं आहे म्हणून. अशी श्रद्धा मला कधी जमली नाही. माझं आपलं डोक्यावरचा रुमालसुद्धा धड राहत नाही.

निघताना तिने विचारलं, पाऊसवाऱ्याने तो फलक फाटतो का कधी? मी म्हटलं, छे, पक्का असतो, पूर्ण रमजान टिकेल.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज फोटो काढला.

सकाळपासून ती लाकडासारखी बसली होती. बिशॉयने शंभर फोटो काढले, सगळे पासपोर्टसारखे. कपडे बदलून बघायला दुसरे नव्हतेच, एकच काळी गलाबिया, पायघोळ झगा, माझीच निवड. हातात चहाचा ग्लास देऊन बघितला. खुर्ची फिरवून बघितली. वगदी उस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा ढवळत होते. मला त्यांचा राग आला.

मग स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. निस्मा आत होती. रडण्याचा आवाज आला, दाबलेला, तोंडावर हात घेतल्यासारखा. उम्म निस्माने मान वळवली. सगळा उजेड भाजलेल्या गालावर आला. आणि तिने असं बघितलं की आता उठून ती कुणाच्याही अंगावर जाईल.

बिशॉयने तो क्षण पकडला. आम्ही तिघांनी तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला. वगदी उस्तादांनी डोक्यावर हात ठेवला. तीस वर्षांत त्यांना असे तीन फोटो मिळाले, असं गाडीत बसल्यावर म्हणाले.

ती शेवटी कॅमेरा विसरली, म्हणून मिळाला. निस्माच्या हातून ग्लास निसटला, त्याचेही मी मनातल्या मनात आभार मानते.

१९ फेब्रुवारी, रविवार

फलकाची मांडणी पूर्ण झाली. आपण अरबी उजवीकडून वाचतो, म्हणून चेहरा डावीकडे ठेवला आणि नजर अक्षरांवरून पुढे जाईल अशी. जाहिरातीचे शब्द नार्दिन लिहिते. कंपनीत तिच्या जिभेला सगळे घाबरतात. तिने वीस ओळी लिहिल्या, फाडल्या, शेवटी ही ठेवली: "मी बरी होते आहे. माझ्यामागे रांग आहे." अक्षरं मी जाड घेतली होती, वगदी उस्तादांनी बारीक करायला लावली. म्हणाले, ती ओरडत नाहीये, तू का ओरडतेस?

मॅडम जिलानना गाल जरा मऊ करून हवा होता. वगदी उस्ताद म्हणाले, गालाला हात लागला तर माझं नाव या कामावरून काढून टाका. मेदहतसाहेब एवढे खूश की माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, रमजान झाला की शाहिंदा मदतनीस राहणार नाही, आर्ट डायरेक्टर होईल.

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या बाईला दाखवलास का? मी म्हटलं, अगं, पुलावर दिसेलच की तिला.

२ मार्च, गुरुवार

निस्मा आज ऑफिसात आली.

खालच्या रखवालदाराने वर सोडलं नाही म्हणून मी खाली गेले. ती फाटकाच्या आतसुद्धा यायला तयार नव्हती. आम्ही समोरच्या झाडाखाली उभ्या राहिलो. मला वाटलं, फोटो बघायला आली असेल. मी तसं म्हणालेसुद्धा.

ती म्हणाली, "आईचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. म्हणून ती हो म्हणाली. तुम्हाला खरंच कळलं नाही?"

मी म्हटलं, त्याचा काय संबंध?

"ज्या हॉस्पिटलने तीनदा फुकट कापलं, शिवलं, त्याने काही मागितलं तर नाही कोण म्हणतं? नाही म्हटलं आणि त्यांनी बोटं तशीच ठेवली तर? ती कुणाकडे जाईल?"

मग बाकीचं सांगितलं. वर्राकच्या लोकांनी तिच्या आईचा चेहरा कधी बघितलेला नाही. नकाब भाजल्यानंतरचा आहे. गल्लीला माहीत आहे, पण गल्ली गप्प आहे. फलक लागला की मुलाच्या आईला कुणीतरी दाखवणारच. आणि बाई भाजलेली दिसली की सिलिंडरवर कुणी विश्वास ठेवत नाही. लोक विचारतात, नवऱ्याने जाळलं की स्वतःच पेटवून घेतलं? कुठल्या घरातली मुलगी करतोय आपण? "माझे वडील आठ वर्षांपूर्वी वारले," ती म्हणाली. "पण तेवढं कोण मोजत बसतं."

ती रडली नाही. ग्लास निसटला नव्हता, तिने फेकला होता, हेही सांगितलं.

ती निघून गेली. वर गेले तर माझ्या मेजावर फलकाचा छापील नमुना येऊन पडला होता. रंग अगदी हवे तसे उतरले होते. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की रंग हवे तसे उतरलेत. हे लिहून ठेवायलाच हवं.

३ मार्च, शुक्रवार

सुट्टी असूनही इंबाबाला गेले. उम्म निस्माने सगळं उडवून लावलं. मुलगी वेडी आहे, तिचं ऐकू नका, फोटो लावा. मी म्हटलं, ऑपरेशनचा आणि फोटोचा काही संबंध नाही, तुम्ही नाही म्हणू शकता.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" तिने विचारलं. आज इंजिनियरबाई म्हणाली नाही.

मी नाही म्हटलं.

"मग?"

चहा न घेता उठले. तिनेही आग्रह केला नाही.

५ मार्च, रविवार

वगदी उस्तादांना सांगितलं. ते हात पाठीमागे बांधून भिंतीसमोर गेले. मग म्हणाले, "मी तुला एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. फोटो मलाही हवा होता." एवढंच बोलून मला घेऊन मेदहतसाहेबांच्या खोलीत गेले. मॅडम जिलानही तिथेच होत्या.

मेदहतसाहेब ओरडणारे नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, बाईने सही केलीय ना? केलीय. तिने स्वतः नको म्हटलंय? नाही, मुलीने म्हटलंय. मुलीचा फोटो आहे का? नाही. बुधवारी छपाई सुरू होते, मग आपण कशाबद्दल बोलतोय? मला त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना. खोट होती, पण बोट ठेवता येत नव्हतं.

मी ऑपरेशनच्या भीतीचं सांगितलं, ते मॅडम जिलानना लागलं. त्या म्हणाल्या, फोटो दिला नाही म्हणून ऑपरेशन थांबवेल असं आमचं हॉस्पिटल आहे का? असं कुणी म्हटलं कधी?

वगदी उस्ताद म्हणाले, "थांबणार नाही, असं तिला कुणी म्हटलं होतं का?"

मॅडम जिलाननी समोरची फाइल मिटली. मग त्यांनी खाली बघत सांगितलं की मोठे डॉक्टर उद्या सकाळी तपासणीला असतात, घेऊन या तिला. त्या काही वाईट बाई नाहीत. दर वर्षी वॉर्ड चालवायचा तर फलक लागतो, हे त्यांनाच ठाऊक.

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. उद्या डॉक्टरांचं ऐकूनसुद्धा उम्म निस्माने लावा म्हणावं, असं मला वाटतंय. निम्म्याहून जास्त वाटतंय.

६ मार्च, सोमवार

मोठ्या डॉक्टरांना आमचं बोलणंच कळेना. कसला फोटो? त्यांनी भिंतीवरचा तक्ता बघितला आणि म्हणाले, सबरीन, वीस तारीख, सकाळी, उपाशी पोटी यायचं. उम्म निस्माने विचारलं, फोटो नाही दिला तरी? ते म्हणाले, बाई, मला बोटं हवीत, फोटो काय करायचाय. तिने पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं काम ठेवलं, तिचा तो हात हातात घेतला आणि हळू म्हणाले, "वीस तारखेला मी इथे असेन. तू ये."

बाहेरच्या बाकावर येऊन ती बसली. नकाबाच्या आत श्वास वर-खाली होत होता. समोरून एक आई पट्ट्यांत गुंडाळलेलं बाळ घेऊन गेली, त्याच्याकडे उम्म निस्मा बघत राहिली. मग म्हणाली, "मग नको."

मी हो म्हटलं.

"राग धरू नका, इंजिनियरबाई. तुम्ही फार खपलात."

तिने माझी माफी मागितली. मी तिला टॅक्सीत बसवून दिलं आणि हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं ते तिच्यासाठी की फोटोसाठी, मला अजून सांगता येत नाही.

८ मार्च, बुधवार

काल मेदहतसाहेबांनी फोटो मागे घेतला. बाईनेच नको म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालेना. पण मला बोलावून म्हणाले, या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम तू स्वतःच्या हाताने पाडलंस, शनिवारपर्यंत दुसरं दे. वगदी उस्ताद म्हणाले, तिने पाडलं नाही, मी पाडलं. मेदहतसाहेब म्हणाले, मग दोघं मिळून उभं करा.

भिंत मोकळी केली. टाचण्यांची भोकं तेवढी उरली. तिघं समोर बसलो. नार्दिनने रिकामी खुर्ची सुचवली आणि स्वतःच म्हणाली, नको, मयताची वाटेल. मी पट्टी बांधलेला हात म्हटलं. वगदी उस्तादांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, तिच्या घरातून तू काय काय काढायला लावलंस?

मी सांगू लागले. भिंतीवरचं कॅलेंडर. प्लॅस्टिकची फुलं. टीव्हीवरचं कापड. न्हाणीच्या दारातली ती बदामी बाही.

"ती कशी वाळत घातली होती?"

टॉवेलखाली, मी म्हटलं. कुणाला दिसू नये म्हणून.

नार्दिनने पेन खाली ठेवलं. मीच उठून हॉस्पिटलला फोन लावला आणि लहान मुलीच्या मापाचं तशाच घट्ट इलॅस्टिकचं जाकीट मिळेल का, विचारलं.

११ मार्च, शनिवार

सगळं आमच्याच इमारतीच्या गच्चीवर केलं. दोरी बांधली. तिच्यावर शाळेचा गणवेश, करडा, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा. त्याच्या शेजारी त्याच मापाचं ते बदामी घट्ट जाकीट, वर टॉवेल नाही. बस.

वगदी उस्ताद पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पाठच केली माझ्याकडे. सगळं मलाच ठरवावं लागलं. चिमटे एका रंगाचे ठेवले तर दुकानातले वाटत होते, म्हणून वेगवेगळे घेतले. गणवेश इस्त्रीचा होता, तो भिजवून पिळून पुन्हा टांगला. वारा आला की गणवेश हलायचा, जाकीट घट्ट विणीचं म्हणून हलायचं नाही. बिशॉय वारा थांबायची वाट बघत होता. मी म्हटलं, थांबायला नको, वाऱ्यातच काढ.

नार्दिनने ओळ तिथेच उभ्याउभ्या दिली: "दोन्ही तिला रोज घालावे लागतात." बारीक अक्षरात.

खाली उतरताना वगदी उस्ताद म्हणाले, आता तुला काही शिकवायचं राहिलं नाही. मी खूश होऊन वर बघितलं तर ते जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. म्हातारे दिसले.

२३ मार्च, गुरुवार

पहिला रोजा. फलक काल लागला. मावशीला मुद्दाम मेहवरवरून घेऊन गेले. ती म्हणाली, छान आहे हो, साबणाची जाहिरात आहे का? नंतर ओळ वाचली आणि मान वळवून मागे बघत राहिली. म्हणजे तीन सेकंदांत कळत नाही. हा दोष आहे आणि तो माझा आहे.

शेजारीच दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचा फलक आहे. त्यावरच्या बाळाचे अश्रू खाटेएवढे आहेत.

उम्म निस्माचं ऑपरेशन सोमवारी झालं. निस्माने फोनवर एवढंच सांगितलं की पाचही बोटं सुटी झाली.

११ एप्रिल, मंगळवार

मेदहतसाहेबांनी बोलावलं. हॉस्पिटलला देणगीचे फोन गेल्या वर्षीपेक्षा कमी येतायत. पुढच्या वर्षी ते दुसरी कंपनी बघतील. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त वगदी उस्तादांना यापुढे फ्रीज आणि पंख्यांचं काम पाहायला सांगितलं. माझ्या बढतीचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

म्हणजे कमी देणग्या, कमी खाटा. कुणा दुसऱ्या बाईची बोटं या वर्षी चिकटलेलीच राहतील. तो पहिला फोटो लागला असता तर राहिली नसती कदाचित. हे मी वगदी उस्तादांना म्हटलं. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हो. कदाचित." आणि फ्रीजचे कागद पुढे ओढले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "या दोन्हींतलं एक निवडताना तुला सोपं गेलं असतं, तर मी तुला तांताला परत पाठवलं असतं."

२९ एप्रिल, शनिवार

निस्माचा साखरपुडा परवा झाला. मला बोलावलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. आज जाऊन आले.

बिशॉयने त्या दिवसाचे सगळे फोटो माझ्यासमोर पुसले होते. तो एक मोठा छापून ठेवला होता, तो तिचा तिला द्यायला नेला. जाड कागदात गुंडाळून, काखेत धरून.

उम्म निस्माच्या हाताला पट्टी होती, बोटं सरळ राहावीत म्हणून घातलेल्या बारीक तारा बाहेर आलेल्या. तिने निस्माला कडी लावायला सांगितली आणि नकाब वर केला. कागद मीच सोडला. तिने फोटो डाव्या हाताने मांडीवर घेतला. आमच्या सगळ्यांचं बघून झाल्यावर तो तिच्यासमोर आला होता.

ती बराच वेळ बघत राहिली. गालावरून नाही, फोटोतल्या डोळ्यांवरून तिने अंगठा फिरवला. निस्मा मागे येऊन उभी राहिली आणि तिने एकदा बघून तोंड फिरवलं.

"मी अशी दिसते?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मला वाटायचं, फक्त भाजलेली दिसते."

मग तिने फोटो पुन्हा कागदात गुंडाळला, कपाटात निस्माच्या लग्नासाठी जमवलेल्या चादरींच्या खाली सरकवला आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली. वळून मला म्हणाली, "हिचं लग्न होऊ दे. एखादं मूल होऊ दे. हिला परत पाठवायची कुणाची छाती होणार नाही इतकी ही त्या घरची होऊ दे. मग लाव तुला हवा त्या पुलावर. मी स्वतः बघायला येईन, चेहरा उघडा टाकून."

आज पहिल्यांदा ती मला तू म्हणाली.

ताटात द्राक्षाची पानं आणि भिजवलेले तांदूळ होते, पाहुणे येऊन गेल्याचं उरलेलं. तारांमुळे तिला तांदूळ भरून पानं वळता येत नव्हती, म्हणून मला बसवलं. माझ्या गुंडाळ्या जाड होत होत्या. ती दोन उलगडून परत करायला लावी. मी वळता वळता म्हटलं, मूल व्हायला तर दोन-तीन वर्षं लागतील.

"घाई आहे का तुला?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं आणि पुढचं पान घेतलं.